बद्द

दाबोळीच्या हँगरात रात्री सव्वादोनला
कंप्रेसर बंद करायला सांगतो कायतान फुर्तादो,
मग पंखा, मग रखवालदाराचा रेडिओ.
समुद्र तेवढा त्याला बंद करता येत नाही.
शिडीवर चढतो, खिशातून इश्कूद काढतो,
बापाचं, पोर्तुगेजांच्या वेळचं,
कडा झिजून गुळगुळीत झालेलं,
आणि पात्यावर वाजवत जातो
मुळापासून टोकाकडे, बोटाबोटावर,
टक्. टक्. टक्.

मी खाली विजेरी धरून.

झीज समोर येऊन उभी राहत नाही,
हे त्यानंच शिकवलं मला पहिल्या वर्षी.
रिव्हेटच्या डोक्याभोवती काजळाची पुसट रेघ,
नटावर ओढलेली लाल खूण केसभर सरकलेली,
गिअरबॉक्सच्या तेलातलं चुंबक पुसलं
की बोटाला टोचणारं एक चंदेरी कुसळ.
खारा वारा रंगाखाली शिरतो,
रंग वरून तसाच, फक्त किंचित फुगीर,
निजलेल्या माणसाच्या पापणीइतका.
बघू नको, म्हणायचा, बोट फिरव.
डोळ्यांना घाई असते.

पाती मात्र आतून सुटतात.
वरचं कातडं, खाली मधमाश्यांचं पोळं,
मधला डिंक कुठेतरी हात सोडतो,
बाहेर ओरखडासुद्धा नाही.
तिथे नाणं बद्द वाजतं.
मांद्र्याच्या बाजारात आई मडकं घेताना
बोटाच्या पेरानं ठोकून बघायची, तसं ऐकायचं.
कुंभार रागवायचा. ती ठोकायचीच.

त्या रात्री, तिसरं पातं. टोकाच्या हातभर अलीकडे.
टक्. टक्. बद्द. टक्.
तो पुढे गेला.

वाटलं, लाट असेल.
वाटलं, परत येईल.
एकतीस वर्षं तो परत आलेला आहे,
एकदा तर बोगमाळोच्या वळणावरून स्कूटर फिरवून
एका कॉटरपिनसाठी.
टोकाला पोचला. रुमालानं मान पुसली.
"बरें आसा," म्हणाला, "लिही."

वहीत रकाना होता, हातात पेन होतं.
साडेसहाला हे यंत्र पाण्यावर जाणार होतं
पाच जणांना घेऊन, त्यातला एक
संध्याकाळी कँटीनमध्ये माझ्या ताटातली
तळलेली मिरची उचलून गेलेला.

म्हटलं, सर, तिसरं एकदा परत.

त्यानं वाजवलं. तीच रांग, तोच वेग.
पण पात्याकडे बघत नव्हता,
शिडीवरून वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता,
आणि माझं तोंड जिथे आक्रसलं
तिथे त्याचा हात थांबला.
पुन्हा वाजवलं, कान पात्याला टेकवून.
मग खडूनं स्वतःच गोल काढला,
आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा,
माझ्या चेहऱ्यावरून हद्द शोधत शोधत.

'दोष कुणाला आढळला' याच्यासमोर
सु. मांद्रेकर, असं त्यानंच लिहिलं, ठळक.
खाली सही करताना चष्मा दोनदा काढला.
कानाला पट्ट्या लाव म्हणून
मला भर धावपट्टीवर ओरडणारा माणूस.
त्याच्या पट्ट्या कायम गळ्यात.

साडेपाचला चहा. वरून आलेले फोन
दुसऱ्या कुणीतरी घेतले.
सांकवाळच्या बाजूला उजाडत होतं.
फाटकापाशी पोदेराचा भोंगा वाजला,
मी वळले, तो वळला नाही.
पेल्यात बघत त्यानं विचारलं,
कसा येतो गं तो आवाज?

आवाज कसा सांगायचा.
पिकल्या फणसासारखा, म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मग हसला, खोकला,
"म्हणजे काडपाक जालो गो."

इश्कूद टेबलावर, चहाच्या ओल्या वर्तुळाशेजारी.
त्यानं उचललं नाही. मीही नाही.
सात वाजता पातं उतरवायला चौघं लागले,
टोकाकडची बाजू त्यानं धरली होती.